हा भाव कोणाच्या वावरातला?

‘ताई, नमस्कार. मी निफाड तालुक्यातल्या एका गावची सून. बी.एस्सी. झालेली आहे, म्हणून आमच्या शेतकरी गटाने उन्हाळ कांद्याच्या हंगामाचा गोषवारा काढायचं काम माझ्याकडे दिलं. घरोघरी फिरून हिशेबपट्ट्या, म्हणजे कांदा विकल्याच्या पावत्या, गोळा केल्या. काहींनी जपून ठेवल्या होत्या, काहींनी कधीच टाकून दिल्या होत्या. मिळाल्या तेवढ्या पंधरा मोबाइलवर एक्सेलमध्ये भरल्या, सरासरीचं सूत्र लावलं आणि बैठकीत सांगितलं, “आपल्या गटाला सरासरी १,८३७ रुपये क्विंटल भाव मिळाला.” सगळे गप्प झाले. मग एक तात्या म्हणाले, “पोरी, हा भाव कोणाच्या वावरातला गं?” हशा पिकला. सासरे मान खाली घालून बसले होते. वर आणखी एकाने विचारलं, पेपरात लासलगावची सरासरी वेगळीच येते, मग खरी कोणती? मला काही सांगता आलं नाही. सूत्र मी तीनदा तपासलं, ते बरोबर आहे. मग चुकलं कुठे? पुढच्या बैठकीत बोलू की गप्प बसू? पट्ट्यांचं पान सोबत पाठवते आहे.’

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं, आणि सोबतचं पान त्याहून जास्त वेळा वाचलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: बोला. पुढच्या बैठकीत नक्की बोला. घरच्या माणसांसमोर हसं झालं की ते किती दिवस मनात सलत राहतं, हे मला माहीत आहे. पण तात्यांचा प्रश्न आता शांतपणे पुन्हा वाचा. आयुष्यभर आकड्यांत काम केलेल्या माणसानेही याहून नेमका प्रश्न विचारला नसता. ज्यांच्याविषयी आपण आकडा सांगतो, त्यांना त्या आकड्याच्या आसपास स्वतःची जागा दिसली पाहिजे. तात्यांना ती दिसली नाही, आणि त्यांनी तसं सांगितलं.

वाचकांसाठी तुमच्या पानावरचा भावाचा रकाना इथे जसाच्या तसा उतरवते, रुपये प्रति क्विंटल: १,१५०, १,२१०, ४८०, १,१८०, १,२४०, १,१००, २,१५०, १,१९०, ४००, १,२२०, ११,६००, १,१३०, २,३१०, १,२०० आणि ०. बेरीज २७,५६०, भागिले १५, उत्तर १,८३७. सूत्र खरंच बरोबर आहे. पण या रकान्यात १,८३७ च्या जवळपास जाणारी एकही पट्टी नाही.

अकराव्या ओळीपासून सुरू करू. ११,६०० रुपये क्विंटल. भाव लिहिलाय त्याच ओळीत तुम्ही वजन लिहिलंय २४ क्विंटल आणि रक्कम लिहिलीय २७,८४०. रकमेला वजनाने भागा, १,१६० येतात. मोबाइलवर भरताना एक शून्य जास्त पडलं, एवढंच. कोणाच्याही हातून होतं, आणि म्हणूनच पट्टीवरचे तिन्ही आकडे भरायचे असतात, कारण दोघांवरून तिसरा तपासता येतो. तुम्ही ते भरलेत, म्हणून मला इथे घरी बसून ही चूक सापडली. हे तुमच्या कामाचं श्रेय आहे, ते विसरू नका.

आता शेवटची ओळ. भाव ०, वजन २०, रक्कम कोरी, आणि शेवटच्या रकान्यात तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय ‘परत’. म्हणजे लिलावात बोली पसंत पडली नाही आणि ट्रॉली घरी आणली. तो कांदा शून्य रुपयांनी विकला गेला नाही, तो विकलाच गेला नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक्सेलला मात्र ते कळत नाही. चौकट कोरी ठेवली तर सरासरी काढताना तो ती सोडून देतो, आणि ० लिहिलं तर शून्य भाव मिळाला असं धरून तो मोजतो. जिथे माहिती नाही किंवा व्यवहारच झाला नाही, तिथे चौकट कोरी ठेवा आणि शेजारी कारण लिहा. हीच ट्रॉली दुसऱ्या दिवशी विकली असेल तर तिची पट्टी वर कुठेतरी आलेली असेल. नसेल आली, तर त्या घरी पुन्हा एकदा विचारून घ्या.

या दोन दुरुस्त्या केल्या की उरतात चौदा पट्ट्या. त्यांची सरासरी येते १,२२३. एका जास्तीच्या शून्याने आणि एका नको असलेल्या शून्याने मिळून आकडा सहाशे रुपयांनी वर गेला होता.

आता हेच आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडा. ४००, ४८०, १,१००, १,१३०, १,१५०, १,१६०, १,१८०, १,१९०, १,२००, १,२१०, १,२२०, १,२४०, २,१५०, २,३१०. चौदा आकडे आहेत, म्हणजे मधोमध येतात सातवा आणि आठवा: १,१८० आणि १,१९०. त्यांच्या मधला आकडा १,१८५. हा मध्यक. शाळेत मध्य, मध्यक, बहुलक अशी तिकडी पाठ केलेली असते आणि परीक्षा झाली की आपण मध्य, म्हणजे सरासरी, तेवढी जवळ ठेवतो. बाकीची दोन विसरतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण गावातल्या बहुतेक प्रश्नांना मध्यकच उपयोगी पडतो. निम्म्या पट्ट्या याच्या खाली, निम्म्या याच्या वर. तात्यांना हे एका वाक्यात समजेल.

आणि एक गंमत बघा. तुमच्या मूळ पानावर, ती दोन्ही शून्यं जशीच्या तशी ठेवून, मी मध्यक काढून पाहिला. पंधरा आकड्यांतला आठवा: १,१९०. दुरुस्तीनंतर १,१८५. फरक पाच रुपयांचा. सरासरी त्याच चुकांनी सहाशे रुपये हलली. सरासरीत प्रत्येक आकड्याचं वजन पडतं, म्हणून एक वेडावाकडा आकडा सगळ्यांना ओढून नेतो. मध्यक फक्त रांगेत मधे कोण उभं आहे ते बघतो, शेवटचा माणूस किती उंच आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. म्हणून माझी सवय अशी आहे: सरासरी काढली की लगेच मध्यक काढायचा. दोन्ही जवळजवळ असतील तर पुढे जायचं. लांब असतील तर थांबायचं आणि प्रत्येक ओळ पुन्हा वाचायची. एक्सेलमध्ये मेडियनचं सूत्र अ‍ॅव्हरेजइतकंच सोपं आहे.

सूत्रं एवढ्यावर ठेवा आणि चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. आडवी रेघ मारा, डावीकडे ४००, उजवीकडे २,४००. प्रत्येक पट्टीचा एक ठिपका त्या रेघेवर द्या. मी दिले. रेघेवर तीन वस्त्या दिसल्या. डाव्या टोकाला दोन ठिपके, मधे अकराशे ते साडेबाराशेच्या आत दाटीवाटीने दहा, आणि मग पार उजवीकडे दोन. मधे मोकळं माळरान. मग मी तुमच्या पानावरचा शेरा पाहिला. डावे दोन ‘गोल्टी’, म्हणजे बारीक कांदा. उजवे दोन एकाच घरचे, ‘चाळीतला, उशिरा’; चाळ म्हणजे कांदा साठवायची जागा. म्हणजे तुमच्या रकान्यात एक माल नाहीच, तीन माल आहेत. गोल्टी, काढणीनंतर लगेच विकलेला चांगला कांदा, आणि चाळीत थांबवून मागाहून विकलेला कांदा. तिघांची मिळून सरासरी काढणं म्हणजे आजोबा, नातू आणि सून यांचं सरासरी वय सांगण्यासारखं आहे. उत्तर येतं, पण त्या वयाचं घरात कोणी नसतं.

फ्रान्सिस अँस्कोम्ब नावाच्या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये हेच फार सुंदर दाखवून दिलं. त्याने आकड्यांचे चार संच तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत एका बाजूची सरासरी ९, दुसऱ्या बाजूची साडेसात, पसारा सारखा, दोन बाजूंमधलं नातंही गणिताने सारखंच. कागदावर ठिपके काढले की मात्र चार वेगळी चित्रं: एकात ठिपके रेघेच्या आजूबाजूला विखुरलेले, दुसऱ्यात गोलसर कमान, तिसऱ्यात सरळ रेघ आणि एकच ठिपका भलतीकडे, चौथ्यात सगळे ठिपके एका उभ्या रांगेत आणि एक एकटा लांब. गोषवाऱ्याचे आकडे तेच, गोष्ट चार तऱ्हांची. तुम्हाला सूत्र तीनदा तपासायला लागलेला वेळ एकदा ठिपके काढण्यात गेला असता, तर ११,६०० कागदावर मावलाच नसता आणि तुम्ही तिथेच सावध झाला असता.

आता वजनाचा मुद्दा, कारण याच्यावर गटात वाद होणार आणि तो योग्यच आहे. १,२२३ ही पट्ट्यांची सरासरी आहे. त्यात ५ क्विंटलच्या गोल्टीची पट्टी आणि २६ क्विंटलची ट्रॉली यांना सारखाच मान आहे. पण पैसा क्विंटलवर येतो, पट्टीवर येत नाही. चौदा पट्ट्यांची एकूण रक्कम ३,११,०००. एकूण वजन २५८ क्विंटल. भागाकार १,२०५. गटाच्या हाती एका क्विंटलमागे खरोखर आलेला पैसा तो हा, आणि तो काढायला सूत्र लागत नाही, एकूण रुपये भागिले एकूण क्विंटल एवढंच. १,२२३ धरून २५८ क्विंटलचा हिशेब केला तर ३,१५,५३४ रुपये यायला हवेत. मग कोणीतरी विचारणार, वरचे साडेचार हजार कुठे गेले? ते कुठेच गेले नाहीत, ते कधी नव्हतेच. हिशेबाच्या बैठकीत असा प्रश्न उठला की माणसं माणसांवर संशय घेतात. ते टाळणं तुमच्या हातात आहे. आणि हो, रक्कम हमाली-तोलाई कापायच्या आधीची की नंतरची, हे एकदा ठरवा आणि सगळ्या पट्ट्यांना तेच ठेवा.

लासलगावच्या सरासरीचं कोडं आता सोपं आहे. बाजार समित्यांच्या रोजच्या दरपत्रकात तीन दर असतात: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. हा सर्वसाधारण दर म्हणजे त्या दिवशी बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. पुस्तकातल्या तिकडीतला बहुलक, म्हणजे सगळ्यात जास्त वेळा येणारा आकडा, त्याच्या सगळ्यात जवळचा. पेपरात त्याच आकड्याला ‘सरासरी’ म्हणून छापतात आणि सगळा घोळ तिथे होतो. तो दर बाजाराच्या एका दिवसाचा, तुमचा आकडा एका गटाच्या अख्ख्या हंगामाचा. दोन्ही खरे असू शकतात. ताडून बघायचंच असेल तर तुमच्या एकेका पट्टीची तारीख घ्या आणि त्या तारखेचा सर्वसाधारण दर तिच्या शेजारी लिहा. मग कोण किती खाली-वर राहिलं ते दिसेल. कमीत कमी आणि जास्तीत जास्त यांची बेरीज करून दोनने भागू नका, तसं करताना मी अनेकांना पाहिलंय. दिवसभरात एखादीच सडकी ट्रॉली कवडीमोलाने गेली तरी कमीत कमी दर तिचाच लागतो.

आता पसारा. मधला आकडा सांगून माणसाचं समाधान होत नाही, त्याला विचारायचं असतं की वर किती, खाली किती. सर्वांत सोपा विस्तार: २,३१० वजा ४००, म्हणजे १,९१०. पण हा फक्त दोन टोकांच्या पट्ट्या सांगतो, मधल्या बारांबद्दल गप्प. त्यापेक्षा रांगेचे चार भाग करा. खालच्या सात पट्ट्यांतली मधली १,१३०, वरच्या सातांतली मधली १,२२०. म्हणजे मधल्या निम्म्या पट्ट्या या नव्वद रुपयांच्या टप्प्यात बसतात. बाजार एवढा हलतो अशी तक्रार असताना तुमच्या गटाच्या मधल्या निम्म्या पट्ट्या नव्वद रुपयांच्या आत आहेत, हे मला तरी या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं.

तुम्ही पानावर प्रमाण विचलनही काढलंय, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरलेत त्याचं माप. चौदा पट्ट्यांचं ते ५०० च्या जवळपास येतं. फक्त मधल्या दहा पट्ट्यांचं काढा, ४० च्या जवळपास येईल. तेव्हा ५०० हा आकडा कोणत्याच वस्तीचं वर्णन करत नाही, तो फक्त वस्त्या एकमेकींपासून लांब आहेत हे सांगतो. प्रमाण विचलन चांगलं साधन आहे, पण आकडे एका ठिकाणी गोळा होऊन दोन्ही बाजूंना सारखे विरळ होत गेलेले असतील तेव्हा. बैठकीत ते सांगू नका.

हे मी नवं काही सांगत नाही. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी शंभर वर्षांपूर्वी पिंपळे सौदागर गावाची घरोघर पाहणी केली, ती १९१७ मध्ये छापून आली. आज तिथे उंच इमारती आहेत, तेव्हा ते पुण्याजवळचं शेतीचं गाव होतं. मान यांनी सरासरी सांगितली: १७७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर, १९१४-१५ मध्ये ७ एकर. पण ते तिथे थांबले नाहीत. १५६ जमीनमालकांची जमीन सातशेहून जास्त तुकड्यांत विखुरलेली आहे, त्यातले ४६३ तुकडे एका एकराहून लहान आणि ११२ तर पाव एकराहूनही लहान, हे त्यांनी मोजून लिहिलं. नुसतं ‘सरासरी ७ एकर’ म्हटलं असतं तर कागदावर ते गाव बरं दिसलं असतं. पाव एकराच्या तुकड्यात बैल वळवताना काय होतं, ते त्या दुसऱ्या आकड्यांनी कळतं. तुमच्या पंधरा पट्ट्यांचं काम त्याच जातीचं आहे, लहान असलं तरी.

बैठकीत काय बोलायचं, ते मी असं बोलेन. आधी मागच्या वेळचा आकडा चुकला होता हे सरळ सांगेन, आणि का चुकला तेही. मग भिंतीवर ठिपक्यांचा कागद लावेन आणि म्हणेन: ‘पंधरा पट्ट्या मिळाल्या, एक माल परत आला, चौदा विकल्या गेल्या. २५८ क्विंटलचे ३ लाख ११ हजार, म्हणजे क्विंटलमागे १,२०५. काढणीनंतर लगेच विकलेल्या दहा पट्ट्यांना १,१०० ते १,२४० मिळाले. गोल्टीला ४०० आणि ४८०. चाळीतल्या दोन पट्ट्यांना २,१५० आणि २,३१०.’ एवढंच. कागदावर कोणाचं नाव नको. ज्याची पट्टी आहे त्याला आपला ठिपका ओळखू येतो, आणि तात्यांनाही त्यांचा सापडेल.

त्यानंतर एक गोष्ट मात्र मोकळेपणाने सांगा: किती पट्ट्या मिळाल्या नाहीत. तुम्ही म्हणता काहींनी टाकून दिल्या. मला शंका अशी येते की चांगल्या भावाची पट्टी माणूस देव्हाऱ्याच्या कोनाड्यात ठेवतो आणि वाईट भावाची चुरगळून फेकतो. तसं झालं असेल तर खरा मध्यक १,१८५ च्या खाली असेल, आणि कोणतंही सूत्र ते भरून काढू शकत नाही. शिवाय तुम्ही पट्ट्या मोजल्यात, घरं मोजली नाहीत. ज्या घरच्या चार पट्ट्या आहेत ते घर चारदा मोजलं गेलंय. ‘गटाला मिळाला’ म्हणण्याऐवजी ‘मिळालेल्या पट्ट्यांवर दिसतो’ असं म्हणा. त्याने तुमचा शब्द कमजोर होत नाही, उलट पुढच्या वर्षी लोक पट्ट्या जपून ठेवतील.

राहिला चाळीचा प्रश्न, आणि तो बैठकीत निघणारच, कारण २,३१० हा आकडा भिंतीवर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असेल. ‘मग सगळ्यांनीच कांदा थांबवायला हवा होता’ असं कोणी म्हणालं तर घाईने हो म्हणू नका. त्या दोन पट्ट्या एकाच घरच्या आहेत, आणि दोन ठिपक्यांवरून गावाला सल्ला देता येत नाही. त्यातून पट्टीवर विकलेलं वजन असतं, चाळीत भरलेलं नसतं. चाळीत कांदा सुकतो, घटतो, सडलेला निवडून फेकावा लागतो, त्याची मजुरी जाते. विकताना १५ क्विंटल भरला तो कांदा चाळीत जाताना किती होता, हे तुमच्या पानावर नाही. त्या घरी जा, वहिनींना विचारा, निवडायला बहुतेक त्याच बसल्या असतील आणि त्यांना पाट्यांचा हिशेब तोंडपाठ असेल. चाळीत भरला किती, निघाला किती, निवडणीचे दिवस किती, असे तीन रकाने पानावर वाढवा. ते भरून आले की मला पुन्हा लिहा, तो हिशेब आपण दोघी मिळून करू.